उपकारस्तुती रोजच्या जगण्यात कशी करायची, वहीपासून डब्यापर्यंत

आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना अकरा सेकंदांत व्हायची. हे मला नक्की माहितीय कारण धाकटीने एकदा मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजली आणि सगळ्यांसमोर रिझल्ट सांगितला, पप्पांची अकरा, मम्मीची चौदा, आजीची लई लांब, भाजी गार होते. सगळे हसलो. पण रात्री ओटा पुसताना मला ते टोचत राहिलं, कारण त्या चौदा सेकंदांत मी देवाशी नेमकं काय बोलले ते मला आठवेनाच. तोंड चालू होतं एवढंच.

त्यानंतर आम्ही घरात बऱ्याच गोष्टी करून बघितल्या, काही टिकल्या, काही आठ दिवसांत बंद पडल्या. आमच्या महिला मंडळात दोनतीन जणींनी विचारलं की तुम्ही नक्की काय करता ते लिहून द्या, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी काही पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, नाशिकच्या सिडकोत राहणारी, डबे भरणारी, संडे स्कूल घेणारी बाई आहे, त्यामुळे यात थिऑलॉजी कमी आणि स्वयंपाकघर जास्त आहे.

आधी शब्द फोडून बघू

उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, हा शब्द आपण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, इतक्यांदा ऐकतो की तो कानावरून निघून जातो. फोडा बरं. उपकार आणि स्तुती. आपली गडबड अशी की उपकाराला हातच न लावता आपण थेट स्तुतीवर उडी मारतो. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, सर्व आशीर्वादांबद्दल तुझे आभार मानतो." कुठले आशीर्वाद? कोणी मधेच थांबवून विचारलं तर तीन सांगताना पण घाम फुटेल. स्तोत्रांमध्ये अजून एक सुंदर शब्द येतो, उपकारस्मरण. म्हणजे आठवणं. मला तर वाटतं सगळं घोडं तिथेच अडतं. आपण कृतघ्न नसतो हो, विसरभोळे असतो. मुलाला ताप होता तेव्हा रात्रभर जागून प्रार्थना केलेली असते, ताप उतरला की सकाळी पहिलं वाक्य काय, अरे उठ, शाळेला उशीर होतोय.

बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा आठवा अध्याय वाचा. इस्राएल लोक वाळवंटातून चांगल्या देशात जायच्या बेतात आहेत आणि मोशे त्यांना सावध करतो की पोटभर खाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं आणि सोनंरुपं वाढेल, तेव्हा परमेश्वराला विसरू नका. म्हणजे वॉर्निंग उपाशी माणसाला नाहीये, जेवून ढेकर दिलेल्याला आहे.

म्हणून खाली जे काही आहे ते आठवणीची सोय कशी लावायची त्याबद्दल आहे. मन भरून येणं, डोळ्यात पाणी येणं, ते आलं तर आलं, नाही आलं तर काही बिघडत नाही. लाईट बिल भरताना मन कुठे भरून येतं, पण तारखेला भरतोच ना.

सकाळी, मोबाईल हातात घ्यायच्या आधी

"दिवसभर देवाचे आभार मानत राहीन" असं ठरवू नका, ते दुपारपर्यंत पण टिकत नाही. एक जागा आणि एक वेळ पकडा. दानीएलाचं बघा ना (६:१०), राजाने बंदीचा हुकूम काढलाय हे कळल्यावरसुद्धा तो घरी गेला आणि नेहमीसारखं दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना आणि उपकारस्तुती केली. नेहमीसारखं, हा शब्द महत्त्वाचा. आधीपासून सवय होती म्हणून त्या दिवशी जमलं.

माझी जागा म्हणजे किचनचा नळ. आमच्याकडे पाणी सकाळी लवकर येतं, टाकी भरेपर्यंत मला तिथेच उभं राहावं लागतं, आधी त्या वेळात मी व्हॉट्सॅप बघायचे. आता तीन गोष्टी बोलते, मोठ्याने नाही, पुटपुटत. नियम दोनच आहेत. एक, गोष्ट काल सकाळपासून आज सकाळपर्यंतचीच पाहिजे. दोन, तिच्यात कोणाचं तरी नाव किंवा काहीतरी आकडा किंवा जागा पाहिजे. "आरोग्याबद्दल आभार" हे चालत नाही. "काल आईंची शुगर जेवणाआधी एकशे अठरा आली त्याबद्दल आभार" हे चालतं. "प्रवासात सांभाळलंस" पेक्षा "द्वारका सर्कलला ट्रक अगदी खेटून गेला आणि ह्यांची गाडी घसरली नाही." असं बोलायला लागलं की मग समजतं आपण कालचा दिवस किती झोपेत घालवला, कारण पहिल्या आठवड्यात मला तीन सापडायला टाकी भरून वाहायची वेळ यायची.

आणि पाण्याचंच घ्या. नाशिकचं बरंचसं पाणी गंगापूर धरणातून येतं, गोदावरीचं पाणी, जिचा उगम इथे त्र्यंबकेश्वरला. कुठे ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊस आणि कुठे माझ्या सिंकमधला नळ, मधे पंपावर रात्रपाळी करणारा कोणीतरी माणूस आहे ज्याचं तोंडसुद्धा मी बघितलं नाही. मे महिन्यात एक दिवस पाणी येणार नाही असा मेसेज फिरला की आपण सगळे बादल्या घेऊन पळतो आणि महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. ज्या दिवशी येतं त्या दिवशी कोण काय बोलतं? विलापगीतात (३:२२-२३) म्हटलंय की त्याची दया रोज सकाळी नवी होते. हे वाक्य सुखात लिहिलेलं नाही, यरुशलेम जळून पडल्यावरच्या रडगाण्याच्या मधोमध आहे, ते पण लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

ज्यांना सकाळी अजिबात जमत नाही त्यांनी रात्री करा. कॅथलिक लोकांमध्ये एक जुनी पद्धत आहे, संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात शिकवलेली, दिवसाच्या शेवटी मागे वळून बघायचं. तिची सुरुवातच मुळी मिळालेल्या उपकारांबद्दल आभार मानून होते, चुका आणि पाप नंतर. आपण प्रोटेस्टंट लोक बऱ्याचदा उलटं करतो, आधी आज काय चुकलं त्याची यादी, मग झोप लागते.

ताटावरची प्रार्थना रिपेअर करणे

मुलं असलेल्या घरात सुरुवात करायला ही सगळ्यात सोपी जागा. आम्ही काय केलं तर पाठ केलेली प्रार्थना काढून नाही टाकली, आईंना आवडलं नसतं आणि मुलांना ती यायलाच हवी. फक्त तिच्या आधी एक प्रश्न लावला. आज ताटात जे आहे त्यातल्या एका वस्तूला कोणाकोणाचे हात लागलेत? एका जेवणाला एकच वस्तू. बाजरीची भाकरी असेल तर पेरणारा, खुडणारा, मळणी मशीनवाला, गोणी उचलणारा हमाल, गिरणीवाले काका, मग आजी. कांदा असेल तर मग लासलगावचा बाजार, ट्रॅक्टरची लाईन, लिलाव, हे सगळं येतं. पोरांना हा खेळ वाटतो, माझा मोठा तर एकदा मिठावर अडकला, मीठ कुठून येतं, मग गुजरातपर्यंत गेलो, भाजी परत गार. पण त्यानंतर "हे अन्न आम्हाला दिलंस" म्हणताना त्याला मागची माणसं माहीत असतात.

अजून एक, आणि हे मला फार उशिरा लक्षात आलं. अनुवाद ८:१० मध्ये क्रम असा आहे की तू खाऊन तृप्त होशील आणि मग परमेश्वराचा धन्यवाद करशील. जेवल्यावर! यहुदी लोक आजही जेवणानंतरची लांब प्रार्थना करतात ती याच वचनावरून. आपण आधी करतो, प्रभू येशूनेही भाकर हातात घेऊन आधी उपकारस्तुती केली, ते बरोबरच आहे. पण जेवणानंतर, हात धुवायच्या आधी, एक ओळ बोलून बघा. भूक लागलेल्या माणसाची प्रार्थना घाईची असते, पोट भरलेल्याची निवांत असते. आमच्याकडे ही एक ओळ ज्याने शेवटचा घास खाल्ला त्याने बोलायची, त्यामुळे हळू जेवणाऱ्या धाकटीचा नंबर रोज लागतो आणि ती तक्रार करते.

वही

वहीबद्दल सगळेच सांगतात, ग्रॅटिट्यूड जर्नल म्हणून शंभर रुपयाची वही पाचशेला विकतात, फुलं काढलेली. तसलं काही घेऊ नका. मी किराणा दुकानात मिळते तसली लांबट लाल वही घेतली, उधारीची. कारण मला तेच पाहिजे होतं. दुकानदार उधारी भावनेने लिहित नाही, तारीख, नाव, माल, रक्कम. मी पण तसंच चार रकाने केले. तारीख. काय मिळालं. कोणाच्या हातून मिळालं. आणि चौथा रकाना, त्या माणसाला बोलले का, टिक करायला. हा चौथा रकाना सगळ्यात रिकामा राहतो, त्याच्यावर पुढे येते.

फक्त एक धोका, उधारीची वही म्हटलं की फेडायची भानगड डोक्यात येते. आपल्याकडे नवसाची सवय खोल आहे, ख्रिस्ती घरांत पण आहे, खोटं कशाला बोलू. फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला केवढी गर्दी लोटते, लांबलांबून लोक येतात, मेणबत्त्या लावतात, कोणी मागायला, कोणी आभार मानायला. आभार मानायला मुद्दाम एवढा प्रवास करून येणं हे मला फार मोठं वाटतं. पण "काम झालं, नवस फेडला, आता माझं-तुझं काही नाही" असा हिशोब मिटवायचा सूर कधीकधी ऐकू येतो ना, तो आपल्या चर्चमध्ये पण असतो, मुलाचा रिझल्ट लागला की पाकीट टाकलं, विषय संपला. माझ्या वहीत रक्कम खोडायची नसतेच. नुसती वाढत जाते.

किती वेळा लिहायचं? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास छापला होता, त्यात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून फक्त एकदा, मिळालेल्या चांगल्या गोष्टी लिहिल्या, जास्तीत जास्त पाच. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. चांगलं लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य एकूणात बरं वाटत होतं. आता ते कॉलेजचे विद्यार्थी होते आणि त्यात देवाचा संबंध नव्हता, त्यामुळे मी त्याच्यावर इमारत बांधत नाही. पण आठवड्यातून एकदा हे मला पटलं. मी रोज लिहायला गेले तेव्हा तिसऱ्या आठवड्यात "चहा चांगला झाला" असलं लिहायला लागले, नुसती भरती. आता रोज सकाळी नळाजवळ बोलते आणि शनिवारी रात्री, रविवारचे कपडे इस्त्री करून झाले की, त्यातलं जे आठवतंय ते वहीत उतरवते. सहा दिवसांनी पण जे आठवतं ते खरं.

वाईट दिवसांत काय करायचं

इथे मी जरा जास्त वेळ घेणारे, कारण इथेच लोकांना सगळ्यात जास्त चुकीचं शिकवलं जातं.

ह्यांची नोकरी गेली होती मधे. कंपनीचं नाव घेत नाही, काँट्रॅक्ट संपलं, एका सोमवारी गेटवर सांगितलं आत जाऊ नका. सात महिने घरी. त्या काळात एका प्रार्थनासभेत कोणीतरी अगदी प्रेमाने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, भाऊ, नोकरी गेल्याबद्दल देवाचे आभार माना, विजय मिळेल. हे काही बोलले नाहीत. पण पुढचे दोन महिने ते सभेला आले नाहीत.

वचन काय आहे? १ थेस्सलनीकाकरांस ५:१८, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." स्थितीत. त्या स्थितीत असताना, तिच्या आत उभं राहून. मला वाटतं वाईट गोष्टीलाच चांगलं म्हणा असं हे पत्र लिहिणारा पौल तिथे सांगत नाहीये. कोणी म्हणेल इफिसकरांस ५:२० मध्ये तर सर्व गोष्टींबद्दल उपकारस्तुती करा असं आहे, मग? आहेच, मी लपवत नाही, आमच्या बायबल स्टडीत यावर दीड तास वाद झाला. मी एवढंच बघते की येशू आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी गेला तेव्हा मरणाबद्दल आभार मानले नाहीत, तो रडला. मग दगड बाजूला केल्यावर "बापा, तू माझं ऐकलंस म्हणून तुझे उपकार मानतो" असं म्हणाला. रडणं पण आहे, उपकार पण आहेत, दोन्ही एकाच अध्यायात आहेत, योहान ११.

तर वाईट काळात मी करते ते असं. आधी तक्रार. अगदी मोठ्याने, देवाजवळ. स्तोत्रांमध्ये ढीगभर तक्रारी आहेत, तेराव्याची सुरुवातच "हे परमेश्वरा, कुठवर" अशी आहे आणि ते शेवटी गाण्यावर येतं. अठ्ठ्याऐंशीवं तर गाण्यावर येतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते बायबलात आहे. ते तिथे ठेवलंय हे मला फार आधार देतं. तक्रार पूर्ण झाली की मग, आणि त्या दिवशी झाली नाही तर दुसऱ्या दिवशी, फक्त खरं असेल तेवढंच आभार म्हणून बोलायचं. फुगवायचं नाही. त्या सात महिन्यांतली माझी वही मी परवा काढून बघितली. एका शनिवारी तीनच ओळी आहेत. शाळेने फी दोन हप्त्यांत घेतली. शेजारच्या काकूंनी मागितलं नसताना पिठलं पाठवलं. हे आज हसले. बस. त्यात "नोकरी गेल्याबद्दल" कुठेच नाही, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

नाशिकमध्ये राहून हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला नसेल तर वाचाच. शेवटाकडे "अंजीर न फुलले, द्राक्षीच्या वेलास फळ न आले" असं येतं, मग जैतून, शेतं, मेंढरं, गोठा, एकेक करून सगळं जातं, आणि मग "तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास पावेन." हे मुंबईच्या माणसाला कविता वाटेल. माझा मावसभाऊ दिंडोरीकडे द्राक्ष करतो. ऑक्टोबरात छाटणी, मग डाऊनी रोगाच्या भीतीने फवारणीवर फवारणी, औषधाची उधारी, घड विरळ करायला मजूर, आणि माल हाताशी आला, व्यापारी बघून गेला, की एका संध्याकाळी अवकाळी आणि गारा. सकाळी बागेत गेलं तर मणी तडकलेले, खाली चिखलात घड. मी त्या दिवशी फोन केला तेव्हा तो म्हणाला, ताई, आज वचन नको सांगू. मी नाही सांगितलं. आठवड्याने त्यानेच मला पाठवलं, हबक्कूक, आणि खाली लिहिलं होतं, याच्या पण बागेवर गारा पडल्या होत्या वाटतं. तो अजून कर्जात आहे. "तरी" हा शब्द दुसऱ्याच्या तोंडात कोंबता येत नाही, ज्याचा त्याने उच्चारायचा असतो, एवढं जरी आपण मंडळीत पाळलं तरी पुष्कळ होईल. मयताच्या घरी गेलात तर शांत बसा, चहाची कपबशी विसळून ठेवा, आभारांची शिकवण घरी ठेवून या.

परूश्याची प्रार्थना

हे छोटंसं पण महत्त्वाचं. मुलांना आपण सर्रास म्हणतो, सिग्नलवरची मुलं बघ, त्यांना खायला मिळत नाही, देवाचे आभार मान. लूक १८:११ काढा, परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून काय म्हणतो, हे देवा, मी तुझे आभार मानतो की मी इतर माणसांसारखा नाही. तो पण आभारच मानतोय! आणि तो नीतिमान ठरून घरी गेला नाही, लांब उभा राहून दया मागणारा जकातदार गेला. दुसऱ्याच्या हालाच्या तुलनेत मोजलेला उपकार हा उपकार नसतो, नंबर असतो. संडे स्कूलमध्ये मी नियम केलाय, आभारांच्या वाक्यात "त्याच्यापेक्षा", "तिच्यापेक्षा" आलं की परत म्हणायचं. आणि सिग्नलवरच्या मुलाकडे बघून खरंच काही वाटलं तर ते आभारांच्या नाही, मदतीच्या खात्यात टाका.

आता तो चौथा रकाना

दहा कुष्ठरोगी बरे झाले, एक परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानत त्यांच्यातला, आणि येशूने विचारलं की दहा जण शुद्ध झाले ना, मग नऊ कुठे? (लूक १७) यावर प्रवचनं आपण पन्नास ऐकलीत. मला त्यात एकच दिसतं, तो चालून परत आला. बाकीचे नऊ मनातल्या मनात कृतज्ञ नसतील कशावरून? असतीलही. पण परत येण्याचे पाय त्यांनी उचलले नाहीत.

आपल्या मराठी माणसाचा इथे मोठा प्रॉब्लेम आहे. आपल्याला घरच्यांना थँक्यू म्हणता येत नाही. सासूबाईंना एकदा म्हटलं, आई, तुम्ही भाजी निवडून ठेवलीत, थँक्यू हां. तर त्या अर्धा तास गप्प, मग म्हणाल्या, मी काय परकी आहे का? आपल्याकडे आभार मानले की अंतर पडल्यासारखं होतं. पण आपल्याकडे दुसरी भाषा आहे की. शेजारून डबा आला तर तो रिकामा परत द्यायचा नाही, काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. ही उपकारस्तुतीच आहे, शब्दांशिवाय. पिठलंवाल्या त्या काकू होळीला पुरणपोळी पाठवतात, त्यांचा तो स्टीलचा डबा नाताळात आमच्याकडून करंज्या आणि केक घेऊन जातो, बारा वर्षं झाली, आता तो डबा नक्की कोणाचा हे दोघींनाही आठवत नाही.

म्हणून घरच्या माणसांशी थँक्यूच्या ऐवजी नेमकं बोला. "आई, भाजी निवडलेली होती म्हणून आज मला दहा मिनिटं बसायला मिळालं." एवढंच. नाव, काम, त्याने माझं काय झालं. याने कोणी परकं होत नाही, उलट आई दुसऱ्या दिवशी मेथी पण निवडून ठेवतात, हा साइड इफेक्ट. बाहेरच्या माणसांसाठी मी रविवारी दुपारी एक फोन करते, एकच, वहीतला टिक न झालेला. जुनी शाळेतली बाई, बाळंतपणात रात्रभर जागलेली सिस्टर, पहिली सायकल अर्ध्या किमतीत देणारा दुकानदार. पहिला मिनिट फार अवघड जातो, समोरच्याला वाटतं काहीतरी काम असणार किंवा पैसे पाहिजे असणार. सरळ सांगायचं, काही काम नाही, फक्त हे सांगायचं होतं. बऱ्याच लोकांना ती गोष्ट आठवत पण नसते. आणि काही जण आता फोनवर भेटतच नाहीत, उशीर झालेला असतो, त्यांच्या नावापुढे मी टिक न करता त्यांच्या मुलांना फोन करते.

यात अशी माणसं पण आहेत ज्यांना आपण कधी बघितलंच नाही. तुमच्या घरात येशूचं शुभवर्तमान पहिल्यांदा कोणी आणलं ते विचारा एकदा घरातल्या म्हाताऱ्यांना. आपल्या शरणपूरचं नाव रोज बसवर वाचतो, पण एकोणिसाव्या शतकात मिशनरी लोकांनी वसवलेलं ते ख्रिस्ती गाव होतं, नावातच शरण आहे, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंसुद्धा इथे येऊन शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट, जो पुढे आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनऱ्याचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला, १८७४ साली. मी संडे स्कूलच्या मुलांना हे सांगितलं तर ती मला म्हणाली, टीचर, शरणपूर रोडचा? हो, शरणपूर रोडचा.

घरचं १३६ नंबरचं स्तोत्र

हे आमच्या घरी सगळ्यात जास्त चाललेलं. स्तोत्र १३६ मध्ये २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच, "त्याची दया सनातन आहे." एक जण पुढची ओळ म्हणणार, बाकी सगळे हे धृपद. सृष्टीपासून सुरू होऊन मिसर, तांबडा समुद्र, मग राजांची नावं, अगदी सीहोन आणि ओग पण. म्हणजे त्यांनी इतिहास नावागावासकट पाठ केला.

तुम्ही तुमच्या घराचा करा. महिन्यातून एकदा, कोणाचा वाढदिवस असेल तेव्हा चांगलं जमतं. आजीपासून सुरू करा. "आजोबा प्रेसमध्ये चिकटले, त्याची दया सनातन आहे. सिडकोची स्कीम लागली, त्याची दया सनातन आहे. दादा सातव्या महिन्यात झाला आणि काचेच्या पेटीत एकोणीस दिवस होता, त्याची दया सनातन आहे." पहिल्यांदा मुलं खिदळणार, चालू द्या. धाकटीने एकदा "आज डब्यात मॅगी होती" घातलं, आम्ही सगळे तेवढ्याच जोरात म्हणालो. आणि कधीतरी अशी ओळ येते की सगळे एकदम गप्प होतात. ह्यांनी एकदा म्हटलं, "त्या सोमवारी गेटवरून परत आलो आणि घरी कोणी मला काही बोललं नाही." आईंनीच मग धृपद म्हटलं, एकट्यांनी.

मंडळीत

दोनच गोष्टी सांगते. उपकारस्तुतीचं पाकीट टाकताना आत चिठ्ठी टाका की कशाबद्दल. कोणी वाचो न वाचो, लिहिताना तुम्हाला तरी कळतं. कापणीच्या सणाला आपल्या शहरातले लोक बाजारातून भोपळा विकत आणून वेदीपाशी ठेवतात, ठीक आहे, लिलावात मजा येते, पण आपली कापणी भोपळ्याची नसेल तर जी आहे तिच्यातलं आणा. आमच्यातला एक जण टेलर आहे, तो दोन शर्ट शिवून आणतो.

दुसरी गोष्ट साक्ष, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. हात वर करून उभं राहायच्या आधी ठरवा की एकच उपकार सांगायचा, दोन मिनिटांत, आणि दुसऱ्याच्या आजाराचे डिटेल्स त्याला न विचारता सांगायचे नाहीत. आमच्याकडे एकदा एका बाईच्या ऑपरेशनची पूर्ण माहिती तिच्या जावेने साक्षीत दिली, ती बाई तिसऱ्या बाकावर बसलेली होती.

३१ डिसेंबर आणि मधले खाडे

शमुवेल संदेष्ट्याने लढाईनंतर मिस्पा आणि शेनच्या मधे एक दगड उभा केला, नाव ठेवलं एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड, "येथवर परमेश्वराने आम्हाला साहाय्य केले" (१ शमुवेल ७:१२). येथवर, बरं का. पुढचं अजून माहीत नाही. आम्ही वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेला निघायच्या आधी, थंडीत स्वेटर घालून सगळे तयार असताना, लाल वही उघडतो आणि प्रत्येक जण कुठलंही पान उघडून एक ओळ वाचतो. दहा मिनिटं लागतात. सगळी वही वाचायला बसू नका, उपासना चुकते, आमची एकदा चुकली.

आणि खाडे पडणार. माझे तर पावसाळ्यात अख्खे दोन महिने पडतात, दरवर्षी, का ते माहीत नाही. तेव्हा मागचं आठवून भरत बसायचं नाही, ती खोटी उपस्थिती लावल्यासारखं होतं. आजची तारीख टाका आणि पुढे लिहा. मधली पानं कोरी पण सोडू नका, वह्या महाग झाल्यात.